बन्सीआबांची दुपारची झोप

काष्टीच्या शनिवारच्या बैलबाजारात सगळ्यांत कमी बोलणारा माणूस कोण, असे विचारले तर कोणीही बन्सीआबांकडे बोट दाखवील. आणि सगळ्यांत जास्त माहिती कोणाच्या पोटात आहे, असे विचारले तरी ते बोट फिरून त्यांच्याचकडे येईल. आबा बैलांचे दलाल. वय सहासष्ट, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर उपरणे, आणि चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा.

या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलायचा नसतो. दोन माणसे हातात हात घेतात, वर उपरणे पडते आणि त्या आडोशाला बोटे बोलू लागतात. धरलेले एक बोट म्हणजे काय, तीन बोटे म्हणजे काय, तळव्यावरचा दाब म्हणजे काय, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते; पण उपरण्याखाली या घटकेला काय चालले आहे, ते फक्त त्या दोन हातांना. आबांची रीत याहूनही कडक होती. विकणाऱ्याने आपला शेवटचा आकडा, म्हणजे ज्याच्या खाली कासरा सोडायचा नाही तो, आबांच्या हातात ठेवायचा. घेणाऱ्यानेही आपला शेवटचा आकडा तसाच ठेवायचा. घेणारा वर असला तर आबा उपरणे झटकून खांद्यावर टाकत, सौदा पटला. खाली असला तर नुसती मान हलवत. कोणाचे किती अडले, हे त्या दोघांना कधीच कळत नसे. आकडा आबांच्या पोटात जाई आणि पुढच्या शनिवारपर्यंत तिथेच राही. लोक म्हणत, आबाच्या पोटात विहीर आहे. दगड टाका, आवाज यायचा नाही.

त्या विहिरीतून आवाज येतो, हे खुद्द आबांना कळले ते मार्चातल्या एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर.

पडवीत बाजेवर त्यांचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा चांगुणाबाई, त्यांच्या पत्नी, जवळच सुपात हरभरे निवडत बसल्या होत्या.

"लई भांडत हुता," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"कोन?"

"तुमी. झोपेत."

आबा उठून बसले. "मी झोपेत बोलतो?"

"आता आज नवीन हाय का ते?"

"कवापासनं?"

चांगुणाबाईंनी एक खडा अंगणात भिरकावला. "लगीन झाल्यापासनं."

चाळीस वर्षांपेक्षा जास्त काळ ज्या माणसाने बाजारात गरजेहून एक शब्द अधिक काढला नाही, त्याच्या अंगावर हे वाक्य पेटत्या कडब्यासारखे पडले. आबा बाजेवरून खाली उतरले, पुन्हा वर बसले, पुन्हा उतरले. "आन् तू आजपत्तर बोलली न्हाईस?"

"माझी आई म्हनायची, झोपेत बोलनाऱ्याला सांगू नये. आज सहज निघालं तोंडातनं."

"काय बोलतो मी?"

"ते काय मला कळतंय व्हय? न्हाई न्हाई म्हनता, थांब म्हनता. चहा ठिवू का?"

चहा आला तरी आबा तो हातात धरून बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे कालचा बाजार उभा राहिला होता. झुंबरबाई नावाची पारगावकडची बाई आपली खिलार जोडी घेऊन आली होती. नवरा गेल्यानंतर तिने ती जोडी वासरे असल्यापासून स्वतः वाढवली होती. आता तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून जोडी विकायची होती. "बन्सीदादा, तुमच्या हाताशिवाय कुनाच्या हातात हात देनार न्हाई मी," असे म्हणत तिने उपरण्याखाली आपला शेवटचा आकडा ठेवला. घेणारा होता नेवाशाचा ज्ञानेश्वर, तिशीतला व्यापारी, शर्यतीच्या बैलांचा शौकीन. त्याचा आकडा थोडा खाली पडला. आबांनी मान हलवली. "घरी इचारतो आन् पुढच्या शनिवारी येतो," असे ज्ञानेश्वर म्हणाला. म्हणजे झुंबरबाईचा आकडा आठवडाभरासाठी आबांच्या पोटात ठेव म्हणून राहिला.

आणि त्यानंतर आबांनी काय केले? ऊन डोक्यावर होते, आणि ज्ञानेश्वराचा टेम्पो लिंबाखाली उभा होता. "आबा, पडा की घटकाभर," असे तो म्हणाला. पोत्यांवर आडवे होऊन, उपरण्याची घडी उशाला घेऊन, त्याच ज्ञानेश्वराच्या शेजारी आबा तासभर झोपले होते. जागे झाले तेव्हा उपरणे डोक्याखाली नव्हते, हातांवर पडलेले होते. झोपेत ओढले गेले असेल, एवढेच तेव्हा त्यांच्या मनात आले होते. आता मात्र त्या तासाभरातला प्रत्येक क्षण त्यांना बिनदाराच्या घरासारखा वाटू लागला. तोंडून आकडा गेला असेल तर?

त्यांनी तिथेच, गार झालेल्या चहासमोर, मनाशी ठरवून टाकले. शनिवारी ज्ञानेश्वराने नेमका झुंबरबाईचाच आकडा धरला, ना एक बोट कमी ना एक बोट जास्त, तर तो आपल्याच तोंडून गेला असे समजायचे. आणि त्या दिवसापासून हे उपरणे कोणाच्या हातावर टाकायचे नाही.

संध्याकाळी त्यांनी सुनेला हाक मारली. मुलाची, हर्षलची, बायको अश्विनी श्रीगोंद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत असे. माहेर पुणतांब्याचे, बोलणे स्वच्छ, आणि नवे काही कळले की डोळे आधी बोलत.

"अश्विनी, तुझ्या त्या शास्त्रात झोपेत बोलन्यावर काई औषध हाय का?"

अश्विनीने हातातली उत्तरपत्रिका बाजूला ठेवली. पुढच्या अर्ध्या तासात एकाही उत्तरपत्रिकेला हात लागला नाही.

"मामा, झोप म्हणजे सगळं गाव एकदम झोपतं असं नसतं," ती सांगू लागली. "कुठे गोठ्यात दिवा असतो, कुठे कोणी खोकत असतं. मेंदूचंही तसंच आहे. एक भाग गाढ झोपलेला, एक भाग अर्धवट जागा. झोपेत तोंडाला, हातापायांना कासरा बांधलेला असतो, म्हणून स्वप्नात पळालो तरी आपण बाजेवरच राहतो. तो कासरा मध्येच क्षणभर सैल पडतो. मग जे आत चाललेलं असतं त्यातलं काही बाहेर सांडतं."

"का सैल पडतो?"

"दमणूक असेल, उन्हाचा ताप, मनावरचं ओझं. काही घराण्यांत चालत आलेलंही असतं. खरं सांगायचं तर शेवटचं कारण अजून कोणालाच सापडलेलं नाही."

"मंजी शास्त्राचा बी सौदा अडलाय."

"अडलाय," अश्विनी हसली. "पण एक गंमत सापडलीय. शेकडो माणसांचं झोपेतलं बोलणं ज्यांनी टिपून घेतलं, त्यांना त्यात एक शब्द सगळ्यांत जास्त वेळा आढळला: 'नाही'."

आबांनी क्षणभर विचार केला. "झोपेत सगळी दुनिया दलाली करती म्हनायची."

चांगुणाबाई चुलीपाशी खुदकन हसल्या. आबा मात्र लगेच मुद्द्यावर आले. "त्यात गुपित बाहेर पडतं का, तेवढं सांग."

"ते ऐकल्याशिवाय कसं सांगू? तुमची परवानगी असेल तर मोबाईल ठेवते उशाशी."

कधी स्वतःचा आवाजही यंत्रातून न ऐकलेल्या माणसाने त्या मुलीकडे एकटक पाहिले आणि मान डोलावली. उपरणे झटकले नाही, पण सौदा पटला होता.

तो आठवडा त्या घरात परीक्षेसारखा गेला. अश्विनीचे वर्ग सकाळचे असल्याने ती दुपारी घरी असे. जेवण झाले की आबा बाजेवर पडत. उशाजवळ मोबाईल, पायाशी मांजर, उंबऱ्यावर वही घेतलेली सून. आता झोपायचे आहे, ही जाणीवच झोपेची वैरीण. सोमवारी आबांना अर्धा तास झोपच आली नाही. आली तेव्हा मोबाईलमध्ये पडले ते एवढेच: "न्हाई... न्हाई... थांब." मंगळवारी ते एका बैलावर ओरडले, "फिरव, मागं फिरव त्येला, चाल बगू दे." बुधवारी तर पूर्ण संवाद झाला. आबा बोलत, थांबत, जणू समोरचा काही म्हणतो आहे. मग पुन्हा बोलत. "असं कसं. ... वाढ की जरा. ... मग ऱ्हायलं. ... तुझ्या आज्याला इचार, त्यो देव मानूस हुता."

अश्विनी ते ऐकवताना जागच्या जागी उड्या मारायची बाकी होती. "बघा मामा, किती नेटकं आहे. वाक्य पुरं आहे, समोरच्याला बोलायला जागा सोडलीय. झोपेतसुद्धा तुम्ही कोणाचं बोलणं तोडत नाही."

"आकडा?"

"एकही नाही. तीन दिवसांत एकही आकडा तोंडातून आलेला नाही."

आबांना हे सुख पचेना. तीन दिवस चोर आला नाही, म्हणून शनिवारी आला नव्हता असे कसे म्हणायचे? त्यांनी तंबाखू मळता मळता विचारले, "नुसता आवाजच येतो का ह्यात? मी दिसत न्हाई?"

त्या प्रश्नाने अश्विनी जी चमकली, ते आबांच्या लक्षात राहिले. गुरुवारी मोबाईल उशाला नव्हता; खांबाला बांधून बाजेकडे तोंड केलेला होता.

त्या दुपारी आबांना गाढ झोप लागली. उठले तेव्हा अश्विनीची वही बाजूला पडलेली होती. ती उंबऱ्यावर मोबाईल दोन्ही हातांत धरून बसली होती. "मामा, इकडे या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्हीच बघा. मला समजत नाही, पण काहीतरी आहे."

पडद्यावर एक म्हातारा झोपला होता. आबांना आधी ओळख पटली नाही. झोपेतला आपला चेहरा कोणी पाहिलेला असतो? म्हाताऱ्याचे ओठ हलले, "न्हाई... जरा थांब." आणि मग त्याचा उजवा हात छातीवरून सरकत डाव्या हातापाशी आला. उजव्याने डाव्याची बोटे धरली. आधी काही बोटे, सोडली. मग काही, सोडली. मग तळव्यावर अंगठ्याचा दाब. पुन्हा पहिल्यापासून, त्याच क्रमाने, तितक्याच सावकाश.

"मी एका ठिकाणी वाचलं होतं," अश्विनीचे शब्द एकमेकांवर पडत होते, "जी मुकी-बहिरी माणसं लहानपणापासून हातांनी बोलतात, ती झोपेतही हातांनीच बोलताना पाहिलीत लोकांनी. म्हणजे माणूस झोपेत तोंडाने बोलतो असं नाहीच मामा. त्याचं बोलणं जिथे राहतं, तिथून तो बोलतो. तुमचा भाव तोंडात कधी राहिलाच नाही. चाळीस वर्षं तो बोटांत राहिला. मग तोंडातून बाहेर येईल कसा?"

आबा ऐकत नव्हते. ते वाचत होते. पडद्यावरचा म्हातारा झोपेत, दिवसाढवळ्या, उघड्या हातांनी झुंबरबाईचा आकडा सांगत होता.

"काय म्हणाली बोटं?" अश्विनीने विचारले.

आबांनी तिच्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा पुन्हा कोरा झाला होता. अश्विनीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही की हा माणूस घरातल्या पोरीलाही हे सांगणार नाही. आणि आपल्या हातात जे आहे ते कोणा एका बाईची ठेव आहे.

"पुसून टाकू?" तिने विचारले. असे काही तिने उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. पुढे पाहायला मिळेल याची खात्री नव्हती. या विषयावर लिहायच्या निबंधाचे पहिले वाक्यही तिच्या डोक्यात तयार झाले असावे.

"पूस, पोरी."

तिने पुसले. पुसलेले पुन्हा एकदा तपासून दाखवले.

आता भीतीला नेमका आकार आला. तोंडाने घात केला नव्हता. पण बाजारातल्या शेंबड्या पोरालाही वाचता येणारी बोटे ज्ञानेश्वराच्या टेम्पोत तासभर उघडी होती. शुक्रवारी आबा झोपले नाहीत. दुपारभर पडवीत हात मांडीखाली दाबून बसून राहिले, आणि चांगुणाबाईंनी दोनदा विचारले, "थंडी वाजती का?"

शनिवारी बाजार भरला तेव्हा झुंबरबाई आधीच येऊन बसली होती. बैलांची शिंगे तिने तेल लावून चकचकीत केली होती. "बन्सीदादा, आज जाऊ द्या कासरा," ती म्हणाली, "पर माझ्या मनातलं तेच हाय, बदललं न्हाई." आबांनी मान डोलावली. थोड्या वेळाने ज्ञानेश्वर आला. त्याने बैलांभोवती एक फेरी मारली, खुरे पाहिली, पाठीवर थाप दिली आणि येऊन हात पुढे केला.

आबांनी खांद्यावरचे उपरणे उतरवले. चाळीस वर्षांत ते इतके जड कधी लागले नव्हते. दोन हात एकत्र आले, वर कापड पडले.

ज्ञानेश्वराने पहिली बोटे धरली. झुंबरबाईचीच. सोडली. दुसरी धरली. तीही तीच. आता फक्त तळवा उरला होता. ज्ञानेश्वराचा अंगठा तळव्यावर आला, दाबला गेला, उचलला गेला. आणि पुन्हा दाबला गेला.

एक दाब जास्त.

आबांनी खात्री करायला आपले बोट त्याच्या बोटावर हलकेच आपटले. म्हणजे, पुन्हा सांग. ज्ञानेश्वराने पुन्हा सांगितले. एक दाब जास्त. विकणारीचा शेवटचा आकडा ठाऊक असताना त्याच्या वर एक दाब देईल, असा व्यापारी नगर जिल्ह्यात अजून जन्मायचा होता. आबांनी उपरणे असे झटकले की शेजारचा बैल बुजला.

झुंबरबाईने बैलांच्या कपाळाला हात लावला, आणि मग कासरा ज्ञानेश्वराकडे दिला. "उन्हात पळवू नको लई," एवढेच ती म्हणाली.

चहाच्या टपरीवर आबांना राहवेना. "ज्ञानबा, गेल्या शनिवारी मी तुझ्या टेम्पोत झोपल्तो. काय बोललो का झोपेत?"

"बोलला म्हंजी? माझ्या आज्याची आठवन काढली तुमी. देव मानूस म्हनला. आमच्या घरात त्येला आसं कोनी म्हनलं न्हाई आजपत्तर."

"आनि?"

ज्ञानेश्वराने कप खाली ठेवला. "आनि तुमची बोटं चालाया लागली. मी म्हनलं, ह्ये काय बराबर न्हाई. तुमच्या डोक्याखालचं उपरनं ओढलं आन् टाकलं हातावर. बाजारात दुसऱ्याचं उपरनं कोनी उचलतं का आबा?" त्याने पुन्हा कप उचलला. "पर झोप लई पक्की तुमची. मान आदळली पोत्यावर, तरी उठला न्हाई."

आबा घरी परतले ते पंचविशीतल्या माणसासारखे. वाटेतच त्यांना सगळे कोणाला तरी सांगायचे होते, आणि सांगता येण्यासारखे त्यात निम्मेच होते. अश्विनीला त्यांनी ते निम्मे सांगितले. ती टाळी वाजवता वाजवता थांबली. "मग मामा, आता पुन्हा मोबाईल लावू दुपारी? तोंड दिसू दे, हात उपरण्याखाली. कापड हललं तरी माझं काम होईल."

"आवाज पायजे तेवढा घे. कापड हललेलं बी घे. खालचं न्हाई."

"खालचं नाही," अश्विनी म्हणाली आणि वही आणायला आत गेली.

आबा बाजेवर आडवे झाले. आठवड्याची थकलेली झोप डोळ्यांवर उतरू लागली होती. चांगुणाबाई खुंटीवरचे उपरणे घेऊन आल्या आणि ते त्यांच्या हातांवर नीट पसरत सहज म्हणाल्या, "झुंबरबाईचं बेस झालं. बिचारीच्या मनात हुतं त्याच्या वर एक दाब मिळाला म्हनायचा."

आबांचे डोळे उघडले. तो एक दाब त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता, अश्विनीलाही नाही. टपरीवरही तो शब्द निघाला नव्हता. आणि झुंबरबाईच्या मनात किती होते, ते तर तिच्या आणि त्यांच्या स्वतःच्या बोटांशिवाय कोणाला ठाऊकच नव्हते.

"तुला काय ठावं?"

"झुंबरबाई बाजारातनं इथनंच गेली. पानी प्यायला थांबली, जोडी कितीला गेली ते सांगत हुती." चांगुणाबाईंनी उपरण्याची सुरकुती काढली. "आन् तिच्या मनातलं तुमीच सांगितलंत की. शनिवारी घरी आल्यावर, रविवारी, सोमवारी."

"तुला वाचता येतं?"

"माझा बाप कोन हुता? घोडेगावच्या बाजारात बैलं इकायचा. मला मांडीवर घिऊन बोटं शिकवली त्येनं."

आबा कोपरावर उठले. म्हणजे इतकी वर्षे काष्टीच्या बाजारातला प्रत्येक अडलेला आकडा, प्रत्येक शेतकऱ्याच्या मनातला शेवटचा भाव या बाईला ठाऊक होता. आणि तिने तो ना नवऱ्याला कळू दिला, ना जावेला, ना विहिरीवरच्या बायकांना. विहीर होती खरी. पण ती दुसऱ्याच्याच पोटात.

"आन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी झोपला असता का?" चांगुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्याला हात लावून त्यांना पुन्हा आडवे केले.